महाबोधी विहाराचा १९४९ चा कायदा: आपल्या गावातल्या माणसाला समजेल असा

२०२५ चा मार्च होता. आमच्या इकडे चना काढणं सुरू होतं, तरी एक दिवस काम बंद ठेवून गावातले पंचवीस-तीस जण दोन काळीपिवळी करून तालुक्याले गेलो, बिहारमधल्या बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी निवेदन द्यायला. तेव्हा विदर्भात जवळपास प्रत्येक तालुक्यातून अशी निवेदनं जात होती. खिडकीवरच्या बाबूनं निवेदन घेतलं, आमच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारला आणि सहज विचारलं, भाऊ, बी.टी. ॲक्ट (म्हणजे बोधगया टेम्पल ॲक्ट) रद्द करा असं लिहिलं आहे, पण ह्या ॲक्टमध्ये आहे काय नेमकं? त्यानं चांगल्या मनानं विचारलं होतं, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि आमच्यातल्या एकालाही धड सांगता आलं नाही. एक म्हणाला विहार महंताच्या नावावर आहे, एक म्हणाला आपल्या लोकांना आत पूजा करू देत नाही, एक म्हणाला तिथली दानपेटी सरकार घेऊन जाते. मी पदवी झालेला माणूस, निवेदन मीच टाईप केलेलं, आणि मीही गप्प उभा होतो. परतीच्या रस्त्यावर ते मनातून जाईना. मग कायदा शोधला, वाचला, वकील असलेल्या एका मित्राला फोन करून करून त्याचं डोकं खाल्लं, आणि आता जे समजलं ते लिहून राहिलो, कारण ज्या गोष्टीसाठी आपण उन्हातान्हात बसतो ती आपल्याला सांगता आली पाहिजे.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकतो. बोधगयेला बौद्ध माणसाला कोणी अडवत नाही. माझी मोठी आत्या सहा वर्षांपूर्वी लक्झरीनं बोधगया-सारनाथ-कुशीनगर करून आली, बोधीवृक्षाखाली बसून तिनं त्रिशरण पंचशील म्हटलं, खाली पडलेलं एक पान आणलं, ते आजही तिच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेत आहे, वाळून त्याची नुसती जाळी राहिली आहे. थायलंड, श्रीलंका, ब्रह्मदेश, जपान, तिबेट, सगळीकडचे लोक तिथं येतात, २०१३ मध्ये तर थायलंडच्या उपासकांनी विहाराच्या शिखराला सुमारे २९० किलो सोनं चढवलं. म्हणजे जाणं, वंदना करणं, दान देणं हे सगळं चालू आहे. भांडण त्याचं नाहीच. भांडण आहे ते व्यवस्थापनाचं, म्हणजे तिथं काय होईल, कोणता उत्सव कसा होईल, पैसा कुठं लागेल, वाद झाला तर कोण ठरवेल, हे कोणाच्या हातात आहे त्याचं.

आता आमच्या गावचं उदाहरण घ्या म्हणजे हे लगेच डोक्यात बसते. आमच्या मोहल्ल्यात बुद्धविहार आहे, वीस बाय तीसचा हॉल, वर स्लॅब, मागे छोटी खोली, भंते आले की मुक्कामाला. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालते, अश्विन पौर्णिमेला खीरदान. विहाराची चाबी आत्याकडे राहते. का, तर तिचं घर समोर आहे, ती पहाटे उठते, झाडलोट करते, आणि दहा वर्षात एकदाही विहार बंद राहिला असं झालं नाही. कमिटी आहे अकरा जणांची, पावतीबुक आहे, घरामागे वर्षाची वर्गणी आहे, रजिस्टर आहे. विहार धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेला आहे, महाराष्ट्रात असे बहुतेक ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात, मग ते मंदिर असो, चर्च असो की विहार. सरकार आमचा हिशोब मागते, ऑडिट मागते, विश्वस्त बदलले तर बदल अर्ज मागते. मागायलाच पाहिजे, लोकांचा पैसा आहे. पण सरकार येऊन असं म्हणत नाही की उद्यापासून तुमच्या कमिटीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी राहील आणि अर्धे मेंबर दुसऱ्या धर्माचे राहतील आणि तेही आम्हीच निवडू.

आणि बोधगयेला नेमकं हेच आहे. तुम्ही म्हणाल वाढवून सांगतो, तर कायदाच पाहू.

बोधगया टेम्पल ॲक्ट, १९४९. बिहार सरकारनं केलेला, छोटासाच कायदा आहे, एका बैठकीत वाचून होते. त्यात लिहिलं आहे की विहाराची आणि त्याच्या जमिनीची व्यवस्था एक कमिटी पाहील. कमिटीत एक अध्यक्ष आणि आठ सदस्य. आठही जण भारतीय पाहिजे, त्यातले चार बौद्ध आणि चार हिंदू, आणि त्या चार हिंदूंत बोधगयेच्या शैव मठाचा महंत. गया जिल्ह्याचा जिल्हाधिकारी हा पदसिद्ध अध्यक्ष. आणि पुढची ओळ मी तीनदा वाचली: जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर तो आहे तेवढ्या काळापुरता राज्य सरकार एखाद्या हिंदूला अध्यक्ष नेमेल. म्हणजे गयेला मुसलमान, ख्रिश्चन किंवा बौद्धच कलेक्टर आला तर तो बाकी सगळा जिल्हा चालवू शकतो, निवडणुका घेऊ शकतो, पण बुद्ध जिथं बुद्ध झाले त्या विहाराच्या कमिटीच्या खुर्चीवर बसू शकत नाही. ही अट २०१३ मध्ये बिहार विधानसभेनं काढली, आता कोणत्याही धर्माचा कलेक्टर अध्यक्ष होऊ शकतो. पण ६० वर्षांहून जास्त काळ ती अट होती, आणि त्या काळात गणित साधं होतं, नऊपैकी पाच हिंदू, चार बौद्ध. मतदान झालं तर निकाल आधीच लागलेला.

आपले लोक भाषणात इथंच थांबतात, पाच विरुद्ध चार म्हणतात आणि खाली बसतात. पण मला यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी वाटते, ती म्हणजे ते चार बौद्धही आपण निवडलेले नाहीत. आठही सदस्य राज्य सरकार नेमते. भिक्खू संघाला विचारून किंवा उपासकांचं मतदान घेऊन नेमायचं असं बंधन नाही. म्हणजे उद्या समजा कायदा बदलून नऊच्या नऊ बौद्ध केले तरी नेमणारा हात पाटण्याचाच राहिला तर चाबी आपल्याकडे आली असं होत नाही, फक्त चाबी धरणारा माणूस बदलला. आमच्या निवेदनात ही गोष्ट नव्हतीच, फक्त "बौद्धांच्या ताब्यात द्या" एवढंच होतं, आणि ते लिहिणारा मीच होतो.

अजून दोन गोष्टी कायद्यात आहेत. एक, हिंदू आणि बौद्ध दोघांनाही, प्रत्येक पंथाच्या माणसाला, तिथं पूजेसाठी आणि पिंडदानासाठी जायचा हक्क आहे. गया म्हणजे पिंडदानाचं गाव, आपल्याकडचेही कितीतरी लोक आईवडिलांसाठी गयेला जाऊन येतात, त्यातले काही बोधगयेलाही पिंड देतात, तर हा हक्क कायद्यानं राखला आहे. दुसरी, विहार किंवा जमीन कशी वापरायची यावर हिंदू आणि बौद्धांत वाद झाला तर राज्य सरकारचा निर्णय अंतिम. आणि यासोबत एक कलम असं आहे की बोधगयेच्या शैव मठाची जी स्वतःची मालमत्ता आहे, चल असो की अचल, तिच्यावर ह्या कमिटीला काहीही अधिकार नाही. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवून बसलो. मठाच्या मालमत्तेत बौद्ध सदस्यानं बोलायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, मठ त्यांचा आहे. मग विहाराच्या बाबतीत तोच न्याय का नाही लावला?

का नाही लावला याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो थोडा लांब आहे पण सांगतोच, कारण त्याशिवाय समोरच्याची बाजू कळत नाही. पहिलं स्मारक सम्राट अशोकानं इसवी सनाआधी तिसऱ्या शतकात बांधलं असं मानतात, आज जे उंच विटांचं विहार उभं दिसते ते पाचव्या-सहाव्या शतकातलं. सातव्या शतकात चिनी यात्री ह्युएन त्संग येऊन पाहून गेला, त्यानं वर्णन लिहून ठेवलं. बाराव्या-तेराव्या शतकानंतर मात्र बिहारमधला बौद्ध धम्म खचला, मोठमोठी विद्यापीठं उद्ध्वस्त झाली, भिक्खू पांगले, विहार ओस पडलं. मग १५९० च्या सुमारास घमंडी गिरी नावाचे शैव संन्यासी तिथं आले, त्यांनी मठ स्थापन केला, आणि पिढ्यानपिढ्या त्या मठाचे महंत त्या जागेचे धनी झाले. मठाची बाजू ही आहे की तुम्ही कोणीच नव्हते तेव्हा आम्ही होतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हे खोटं नाही, त्या काळात तिथं दिवा लावायला बौद्ध माणूस उरला नव्हता. पण ओस पडलेल्या घरात शेजाऱ्यानं शंभर वर्षं झाडू मारला म्हणून घरवाल्याचा वारस परत आल्यावर त्याला पाव्हणा म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशच्या राजानं दुरुस्तीसाठी माणसं पाठवली, मग १८८० च्या दशकात इंग्रज सरकारनं मोठी दुरुस्ती केली, पुरातत्व खात्याच्या कनिंगहॅम साहेबांच्या काळात. १८९१ च्या जानेवारीत श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल तिथं पोचले, ती दशा पाहून त्यांनी तिथंच ठरवलं की हे स्थान बौद्धांना परत मिळवायचं, आणि त्याच वर्षी महाबोधी सोसायटी काढली. १८९५ मध्ये त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती विहाराच्या वरच्या मजल्यावर बसवायचा प्रयत्न केला, महंताच्या माणसांनी ती काढून टाकली, केस झाली, खालच्या कोर्टात महंताच्या माणसांना शिक्षा, कलकत्ता हायकोर्टात सुटका. १९२२ चं काँग्रेस अधिवेशन गयेलाच भरलं, तिथं हा विषय निघाला, आणि डॉ. राजेंद्र प्रसाद, जे पुढे पहिले राष्ट्रपती झाले, त्यांनी यात लक्ष घातलं आणि हिंदू-बौद्ध मिळून एक संयुक्त कमिटी असावी असा तोडगा सुचवला. १९४९ चा कायदा त्याच तोडग्यातून आला. मे १९५३ मध्ये पहिल्या कमिटीकडे कारभार गेला. त्याआधी तर सगळंच महंताकडे होतं, त्यामुळे तेव्हाच्या हिशोबानं बौद्धांना निम्मी जागा मिळाली हे पाऊल पुढेच होतं, हे मान्य करायला पाहिजे. धर्मपाल मात्र १९३३ मध्येच सारनाथला वारले, त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

आता इथं मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ या ठिकाणी आहे. कायदा झाला १९४९ मध्ये. १९५१ ची जनगणना काढून पाहा, अख्ख्या भारतात बौद्ध किती, तर जेमतेम १ लाख ८० हजार, आणि तेही बहुतेक डोंगराळ सीमेकडचे. आजचा महाराष्ट्र धरला तर अडीच हजाराच्या आसपास. म्हणजे आमच्या एका मोठ्या गावाएवढे. त्या वेळी कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की चार भारतीय बौद्ध शोधून बसवले तरी पुष्कळ. मग १९५६ चा १४ ऑक्टोबर आला, नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, १६ तारखेला चांद्याला (आताचं चंद्रपूर). माझे आजोबा आमच्या गावातून चार जणांसोबत गेले होते, भाकरी बांधून, काही रस्ता बैलबंडीनं, काही रेल्वेनं, परत येताना त्यांनी पांढरा सदरा घातला होता आणि आजीला सांगितलं की आता घरातले देव काढायचे. आणि १९६१ ची जनगणना पाहा, भारतात साडेबत्तीस लाख बौद्ध, त्यातले जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०११ मध्ये देशात ८४ लाख, महाराष्ट्रात ६५ लाख. म्हणजे ज्या समाजाचं हे सगळ्यात मोठं श्रद्धास्थान आहे तो समाज, बौद्ध म्हणून, कायदा लिहिला गेला तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आम्हाला विचारायचा प्रश्नच आला नाही. आता आहोत, तर आता विचारा, एवढं साधं म्हणणं आहे.

मग संविधान काय म्हणते? कलम २५ म्हणजे प्रत्येक माणसाला धर्म मानायचा, पाळायचा, सांगायचा हक्क. कलम २६ त्याच्या पुढचं आहे, ते माणसाचं नाही, समूहाचं आहे: प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबी स्वतः चालवायचा हक्क, आणि आपली मालमत्ता कायद्यानुसार चालवायचा हक्क. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा. कलम २५ चा हक्क बोधगयेत मिळतो, आत्या जाऊन आली. अडकते ते २६. आणि कलम १३ म्हणते की संविधान लागू व्हायच्या आधीचे जे कायदे मूलभूत हक्कांच्या आड येतात ते तेवढ्यापुरते रद्द. हा कायदा १९४९ चा, संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. म्हणून आपली मागणी ही काही कोणावर मेहरबानी करा अशी नाही, ती संविधानाच्या भाषेतली आहे.

सरकार धार्मिक संस्थेत कुठपर्यंत येऊ शकते यावर सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आहेत, आणि त्यातला एक आपल्याच राज्याचा आहे, हे मला मित्रानं सांगितलं तेव्हा मी चाट पडलो. वर मी जो १९५० चा ट्रस्टचा कायदा सांगितला, ज्याच्याखाली आमचा विहार नोंदलेला आहे, तो तेव्हा मुंबई राज्याचा होता, आणि त्याला जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी विश्वस्तांनी आव्हान दिलं होतं. १९५४ चा निकाल, रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य. कोर्ट म्हणालं, नोंदणी करा, हिशोब मागा, ऑडिट करा, हे सगळं चालते. पण धार्मिक ट्रस्टवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवायची जी तरतूद आहे ती चालणार नाही. त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या केसमध्येही कोर्टानं सांगितलं की सरकार व्यवस्थापनावर नियम घालू शकते, पण व्यवस्थापनाचा हक्कच संप्रदायाकडून काढून दुसऱ्याकडे देऊन टाकू शकत नाही. देखरेख वेगळी आणि खुर्ची वेगळी. आमच्या विहाराचं रजिस्टर तपासणारा अधिकारी हा देखरेख करतो. बोधगयेत कलेक्टर खुर्चीवर आहे.

इथं कोणी विचारेल, आणि पारावर मला विचारलंच, की बाबू, सरकार तर हिंदूंची मंदिरंही चालवते, पंढरपूरला बडव्यांकडून कारभार काढलाच ना, मग तुमचंच काय वेगळं? प्रश्न बरोबर आहे. सरकारी हात सगळीकडे आहे, आणि काही ठिकाणी तो लागतोच, पंढरपूरला सामान्य वारकऱ्याच्या बाजूनं लागला असं मी मानतो. पण वैष्णोदेवीचा १९८८ चा कायदा पाहा. तिथल्या बोर्डाचे अध्यक्ष राज्यपाल (२०१९ पासून उपराज्यपाल), आणि ते हिंदू नसतील तर त्यांनी हिंदू माणूस नेमायचा, बाकी सदस्यही हिंदूच. म्हणजे सरकार आलं, पण त्या धर्माच्या माणसांच्या हातूनच आलं. गुरुद्वारांचा १९२५ चा कायदा तर आणखी पुढे आहे, तिथं शीख मतदार मतदान करून आपली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी निवडतात, आणि हे इंग्रजांच्या राज्यात मिळवलं त्यांनी, शेकडो लोकांनी जीव दिल्यावर. महाबोधीची गोष्ट वेगळी यासाठी आहे की तिथं एका धर्माच्या स्थळाच्या कमिटीत दुसऱ्या धर्माचं निम्मं बळ कायद्यानं लिहून ठेवलं आहे.

पारावर त्या दिवशी मारुतीच्या मंदिराचं पाहणारे काका बसले होते, सत्तरीचे, हरिपाठ पाठ असलेला माणूस. मी त्यांनाच विचारलं, काका, उद्या आपल्या मारुतीच्या कमिटीत अर्धे लोक आमच्या मोहल्ल्याचे घ्यायचे असं ठरलं तर? ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, "तुमी नारळ फोडाले या, जेवाले या, कोण नाई म्हणते? पण शेंदूर कवा लावाचा थे तुमी काऊन ठरवान? आन् तुमच्या विहारात थे आमी काऊन ठरवाव?" बाजूचा एक जण म्हणाला, पण बुद्ध तर विष्णूचाच अवतार आहे ना. काका म्हणाले, "आपल्यासाठी असन. त्याइले नाई मानाचं तर नाई मानाचं." मी काही बोललो नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत हेच आहे, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, ही आमच्या घराघरात लागलेली आहे. हिंदू माणसानं बुद्धाला अवतार मानून हात जोडले तर आमची काही हरकत नाही, ती त्याची श्रद्धा. त्या श्रद्धेवरून आमच्या स्थळाचा कारभार ठरवू नका एवढंच.

याला जोडून एक मुद्दा लोक नेहमी काढतात की संविधानातच बौद्धांना हिंदू म्हटलं आहे. हे अर्धवट आहे. कलम २५ मध्ये एक खुलासा आहे की हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध येतील, पण तो एका उपकलमापुरता आहे, सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सगळ्यांना खुल्या करण्याबद्दलच्या. लग्न आणि वारसा याच्या कायद्यांतही बौद्धांना हिंदू कायदा लागतो, तेही खरं. पण म्हणून बौद्ध हा वेगळा धर्म नाही असं होत नाही. केंद्र सरकारनंच १९९३ मध्ये बौद्धांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं. आणि १९४९ चा कायदा स्वतःच तर चार हिंदू, चार बौद्ध असं मोजतो! दोघं एकच असते तर वेगवेगळं मोजायची गरज काय होती?

अजून एक अडथळा सांगतात, १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा, की १५ ऑगस्ट १९४७ ला जे जसं होतं ते तसंच राहील. तो कायदा मला महत्त्वाचा वाटतो, तो राहिलाच पाहिजे. पण तो स्थळाचं धार्मिक स्वरूप बदलू नका म्हणतो. महाबोधी हे बुद्धाचं स्थान आहे याबद्दल जगात कोणाला शंका आहे? २००२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून घेतलं तेही बुद्धाच्या बोधीचं स्थान म्हणूनच. कारभारी बदलल्यानं स्वरूप बदलत नाही, माझं तरी हेच मत आहे, बाकी कोर्ट ठरवेल.

लढ्याचं म्हणाल तर यात विदर्भ पहिल्यापासून पुढे आहे. १९९२ पासून जे मोठं आंदोलन चाललं त्याचं नेतृत्व नागपूरच्या इंदोऱ्याचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी केलं, जन्मानं जपानी, पण आयुष्य इथंच गेलं. २०१२ मध्ये त्यांनी सुप्रीम कोर्टात याचिकाही टाकली. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू बोधगयेत उपोषणाला बसले, पंधरा दिवसांनी त्यांना विहाराजवळून उठवलं, मग आंदोलन जवळच्या दोमुहानला गेलं. त्यातूनच आमची निवेदनं निघाली. कामठीच्या माजी मंत्री सुलेखाताई कुंभारे यांची याचिका ३० जून २०२५ ला सुप्रीम कोर्टापुढे आली, कोर्ट म्हणालं आधी हायकोर्टात जा.

मग आता दारं किती आहेत? कोर्ट हे एक. दुसरं बिहार विधानसभा, कायदा तिचा आहे, २०१३ मध्ये तिनं तो बदललाच होता, म्हणजे बदलता येत नाही असं नाही. तिसरं संसद, कारण धार्मिक संस्था आणि धर्मादाय हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, त्यावर राज्य आणि केंद्र दोघंही कायदा करू शकतात. याचा आपल्यासाठी अर्थ काय, तर आमदाराला निवेदन दिलं तर चांगलंच, पण महाराष्ट्राची विधानसभा हा कायदा बदलू शकत नाही, ठराव तेवढा करू शकते. खासदार मात्र लोकसभेत बोलू शकतो, खाजगी विधेयकही आणू शकतो. तेव्हा निवेदन खासदाराच्या हातात द्या, आणि त्याच्याकडूनही पोच घ्या.

हे सगळं मी मागच्या पौर्णिमेला विहारात सांगितलं, फळ्यावर पाच आणि चार लिहून. सगळ्यांनी ऐकलं, पोरांनी फोटो काढले. आत्या मागे बसली होती, तिनं शेवटी विचारलं, "आपल्या हातात आलं त आपले कोण? आपून, का लडाखचे, का थे बाहेरदेशचे भंते? निवडन कोण?" मी गडबडलो. कारण शिखांकडे मतदार यादी आहे, आपल्याकडे तशी काही नाही. थेरवादी, महायानी, तिबेटी परंपरेचे, आणि बाबासाहेबांच्या मार्गानं आलेले आम्ही, शिवाय जगभरचे देश ज्यांनी तिथं आपापले विहार बांधले आहेत. सध्याच्या कायद्यातही एक सल्लागार मंडळ आहे ज्यात बहुसंख्य बौद्ध असतात आणि परदेशी बौद्धही घेता येतात, पण ते सल्ल्यापुरतं. मला वाटते कारभार भारतीय बौद्धांच्या निवडलेल्या कमिटीकडे आणि धार्मिक विधीचं भिक्खू संघाकडे, असं काहीतरी व्हावं, पण हे माझं एकट्याचं म्हणणं, यावर गावोगावी बोलणं झालं पाहिजे, आणि भिक्षुणींना त्यात जागा किती हेही. आत्यानं तर लगेच म्हटलं की बायाइले निम्म्या जागा ठेवा, झाडलोट आमीच करतो.

त्या रात्री आम्ही निवेदन नव्यानं लिहिलं. आधीच्या निवेदनात दोन पानं होती, यात तीन मागण्या आहेत: कमिटीतले सगळे सदस्य बौद्ध असावेत, ते सरकारनं नेमण्याऐवजी बौद्धांनी निवडावेत आणि त्यात निम्म्या जागा महिलांना असाव्यात, आणि वाद झाला तर निर्णय राज्य सरकारच्या हाती न ठेवता कोर्टाकडे असावा. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठे दिले. आत्याची सही पहिली आहे, तिनं सत्तराव्या वर्षी शिकलेली, थोडी वाकडी, पण तिची स्वतःची. सोमवारी बाजाराच्या दिवशी जाऊन देणार आहोत, आणि त्याच बाबूला, तो खिडकीवर असला तर, कायदा काय आहे ते सांगणार आहे.